'कडक आईबाप, हुशार मुलं' या मेसेजबद्दल

"अमेरिकेतली चिनी मुलं अभ्यासात पुढे असतात, कारण आईबाप त्यांना धाकात ठेवतात, म्हणूनच परदेशातही त्यांची घरं एकसंध राहतात." दहावी-बारावीचे निकाल लागले की हा मजकूर पालकांच्या ग्रुपवर फिरतो. २०११ मध्ये येल विद्यापीठातल्या प्राध्यापक एमी चुआ यांच्या लेखाने 'वाघीण आई', म्हणजे मुलांना कडक धाकात वाढवणारी आई, जगभर गाजली आणि ही समजूत पक्की झाली. ती खोटी आहे, आणि तिचा दाखला देऊन पोरांना धारेवर धरलं जातं, याचा मला राग येतो.

धाकाने गुण वाढतात? टेक्सास विद्यापीठातल्या सू यंग किम आणि सहकाऱ्यांनी उत्तर कॅलिफोर्नियातल्या ४४४ चिनी-अमेरिकन कुटुंबांचा आठ वर्षं मागोवा घेतला. २०१३ मध्ये निष्कर्ष आले. सर्वांत मोठा गट निघाला तो पाठीशी उभ्या राहणाऱ्या आईबापांचा, आणि त्यांचीच मुलं सर्वांत सरस ठरली. त्यांच्या तुलनेत 'वाघीण' पद्धतीत वाढलेल्या मुलांचे गुण कमी, उदासी जास्त, आईबापांशी दुरावा जास्त. घरच्यांबद्दलची कर्तव्यभावनासुद्धा कमीच.

मग यश आलं कुठून? १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेचं दार बंद झालं होतं. १९६५ च्या कायद्याने नातेवाइकांना आणि शिकलेल्यांना प्राधान्य दिलं, आणि पदवीधर मोठ्या संख्येने आले. घरात आधीच पदव्या होत्या. आपल्याकडून गेलेल्या इंजिनिअरांच्या मुलांचंही तेच.

राहिला एकसंध घराचा मुद्दा. न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये चीनच्या फुजियान प्रांतातून आलेले कितीतरी आईबाप हॉटेलांच्या भटारखान्यात दिवसभर राबतात. मूल सांभाळायला घरात कुणी नाही, पाळणाघर परवडत नाही. म्हणून काही महिन्यांचं बाळ आजी-आजोबांकडे फुजियानला पाठवतात आणि शाळेच्या वयाचं झालं की परत आणतात. त्या मुलाची आई म्हणजे आजीच असते. समोर उभी असलेली बाई त्याच्यासाठी परकी. पुढे ते भराभर इंग्रजी शिकतं, आईबापांना ती येत नाही. मग विजेचं बिल तेच वाचतं, दवाखान्यात डॉक्टर काय म्हणाले ते तेच सांगतं. पालकसभेत बाईंनी केलेली स्वतःचीच तक्रार आईला समजावून सांगायची पाळीही त्याच्यावरच येते. अशा आईबापांना 'आणखी कडक व्हा' म्हणणं हा निव्वळ निर्दयपणा आहे.