ईसीजीचा फोटो टाका आणि निवांत झोपा?

'ईसीजीचा फोटो अ‍ॅपवर टाका, एआय ब्लॉकेज ९९ टक्के अचूक सांगतं, अँजिओग्राफी म्हणजे लूट.' हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर फिरत होता तोवर मी गप्प होते. पण मुलुंडच्या माझ्या आत्याने तो वाचून डॉक्टरांनी सांगितलेली स्ट्रेस टेस्टच रद्द केली. तिला मधुमेह आहे, दोन जिने चढली की धाप लागते. आता गप्प बसवत नाही.

सगळ्यात घातक वाक्य शेवटी आहे: 'छातीत दुखलं तर घरीच ईसीजी काढा, एआयने नॉर्मल म्हटलं की निवांत झोपा.' अहो, अटॅकच्या सुरुवातीला ईसीजी अगदी स्वच्छ येऊ शकतो! म्हणूनच कॅज्युअल्टीत थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पट्टी काढतात, रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) तपासतात, आणि तेही काही तासांनी परत. मधुमेह्यांना तर कधी कधी दुखतही नाही. नुसता घाम, मळमळ, धाप. अशा माणसाला झोपायला सांगणारा स्वतः येणार आहे का रात्री बघायला? छातीवर दाब आला की १०८ लावा. अ‍ॅप नंतर.

आणि अटॅक नसतानाचं काय? आराम करताना हृदयाला रक्त कमी लागतं, अरुंद झालेली नळीही तेवढं पुरवते. दुपारी दोनच्या लोकलमध्ये खिडकी मिळाली म्हणून सकाळी पावणेनऊच्या फास्टला मिळत नाही. चालताना छातीत दुखणाऱ्या जवळपास निम्म्या रुग्णांचा झोपवून काढलेला ईसीजी नॉर्मल असतो. आत्याला ट्रेडमिलवर चालवायचं होतं ते याचसाठी.

'मेयो क्लिनिकने सिद्ध केलंय' म्हणे. काय सिद्ध केलंय ते वाचलं का? 'नेचर मेडिसिन'मध्ये २०१९ साली आलेल्या या अमेरिकन हॉस्पिटलच्या अभ्यासात ४४,९५९ रुग्णांच्या ईसीजी आणि इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) एआय शिकवलं होतं, आणि ते हृदयाचं पंपिंग ३५ टक्के किंवा त्याहून कमी झालंय का, हे ओळखायला. ते त्याने उत्तम ओळखलं, डोळ्यांना दिसत नाही तिथेही. पण पंपिंग म्हणजे ब्लॉकेज नव्हे. शिवाय ज्याच्यावर शंका येते त्याचा पुढे इको करायचाच असतो.

९९ टक्क्यांचं गणित तर विचारूच नका. शंभरांत पाच जणांना ब्लॉकेज असेल आणि अ‍ॅपने डोळे मिटून शंभरांनाही 'नॉर्मल' सांगितलं, तरी ते ९५ टक्के अचूक! घड्याळातल्या ईसीजीबद्दल एवढंच: आमचं घड्याळ हार्ट अटॅक ओळखू शकत नाही, हे खुद्द अ‍ॅपल सांगतं.

लुटीचं म्हणाल, तर गरज नसताना अँजिओग्राफी सुचवणारे आहेत, नाही म्हणत नाही. मग दुसऱ्या कार्डिऑलॉजिस्टला कागद दाखवा, सीटी अँजिओने (हृदयाच्या नळ्यांच्या सीटी स्कॅनने) भागेल का विचारा. केईएमची रांग मोठी असते खरी, पण तिथे बसलेला डॉक्टर जिना चढताना काय होतं ते तरी विचारतो.