चावी कुणाकडं राहणार ते आधी बोला

आमच्या गावच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप आहे, एरवी तिथं वाढदिवस आणि आल्याचे भाव एवढंच चालतं. गेले तीन आठवडे मात्र एकच विषय, शाळेची लायब्ररी. गाव सातारा जिल्ह्यातलं, कोरेगाव तालुक्यातलं. शाळा जिल्हा परिषदेची, काळ्या दगडाच्या चार कौलारू खोल्या, त्यातली गल्लीकडची शेवटची खोली कित्येक वर्षं अडगळीची. तिथं लायब्ररी करू, आणि नुसत्या पोरांची नाही तर गावाची करू, इथपर्यंत सगळे एका सुरात होते. मग पुण्यातल्या एकानं डिझाईन टाकलं. दगडी खोली पाडून आरसीसी, समोरून अख्खी काच, आत फॉल्स सीलिंग, एसी, दहा कॉम्प्युटर, वर मोठ्या अक्षरात 'इको-फ्रेंडली नॉलेज सेंटर' आणि दारात दोन कुंड्या. इको बहुतेक त्या कुंड्यांमुळं.

त्यावर पन्नासेक अंगठे पडले आणि कुणीतरी मला टॅग केलं, "फिनलंडची ताई सांगेल तिकडं कसं असतं."

सांगते. मी अकरा वर्षं एस्पोला राहते, हेलसिंकीला चिकटूनच आहे, आणि पहिली गोष्ट अशी की माझ्या मुलाच्या शाळेत म्हणावी अशी लायब्ररीच नाही. कॉरिडॉरमध्ये दोन रॅक आहेत, संपलं. इथल्या बऱ्याच शाळांचं असंच असतं, कारण लायब्ररी नगरपालिकेची असते, पोरं अंगात चमकणारी जाकिटं घालून दोन-दोनच्या रांगेनं बाईंबरोबर तिथं चालत जातात आणि पुस्तकं घेऊन येतात. शाळेला वेगळी लायब्ररी कशाला, गावाचीच आहे की, असा हिशोब. तुम्ही सगळे जिचे फोटो फॉरवर्ड करता ती हेलसिंकीची ऊदी लायब्ररी, ५ डिसेंबर २०१८ ला उघडलेली, पार्लमेंटच्या समोर, आत शिलाई मशीन आणि थ्रीडी प्रिंटर, ती भारीच आहे, मी पाहुण्यांना घेऊन जाते. पण मला शिकवलं ते आमच्या घराजवळच्या साध्या लायब्ररीनं.

तिथं संध्याकाळी स्टाफ घरी जातो आणि लायब्ररी उघडीच राहते. आपलं कार्ड लावायचं, पिन दाबायचा, दार उघडतं. मी पहिल्यांदा अशी गेले तेव्हा आत एक म्हातारे आजोबा पेपर वाचत होते आणि दोन पोरी कोपऱ्यात एकमेकींची नखं रंगवत बसलेल्या, बाकी कुणी नाही. मी पाच मिनिटं नुसती उभी, कुणाला तरी विचारायला पाहिजे ना, आत आले तर चालेल का म्हणून. विचारायला कुणीच नव्हतं. कॅमेरा असतो, नाही असं नाही, पण एवढी पुस्तकं आणि एवढा विश्वास एका खोलीत मी आधी कधी बघितला नव्हता.

आता काच. इथं काच लावतात कारण उजेडाची मारामार आहे, डिसेंबरात सव्वातीनला सूर्य मावळतो, मग घरं-दारं सगळी उजेडाला तोंड करून बसतात. आपल्याकडं एप्रिलमध्ये पश्चिमेकडून काच लावली तर आत पापड वाळतील. मग एसी लागणार, मग बिल येणार, आणि शाळेचं लाईट बिल कसं भरलं जातं हे ज्याला माहितीये तो एसीचं नाव काढणार नाही. ती दगडी खोली बघा जरा. दीड हात रुंद भिंत, भर उन्हाळ्यात आत गेलं की माठाला हात लावल्यासारखं वाटतं. उजेड कमी पडतो हे खरं, तर चार-सहा काचेची कौलं बसवा, आपल्या आज्यांनी चुलीच्या वर बसवली होती तशी. फुटकी कौलं बदला, रॅक लोखंडी घ्या आणि भिंतीपासून वीतभर पुढं ठेवा म्हणजे वाळवी चढली तर दिसेल तरी. पाडून बांधण्यापेक्षा जे उभंय ते वापरणं हेच सगळ्यात इको, त्याला सिमेंटचं एक पोतंही लागत नाही. तिकडं सांगलीला माझी मावशी असते, गावभागात. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा तिच्या घरातली खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं गेली, नंतर गच्चीवर वाळत घातलेली, पानं फुगून एकमेकांना चिकटलेली, आणि ती म्हणाली, अगं लोणच्याच्या बरण्या वर ठेवलेल्या मी, पुस्तकं खाली. आपलं गाव उंचावर आहे, पूर येणार नाही, पण मुद्दा कळला असेल. लायब्ररी टिकते की नाही हे असल्या गोष्टींवर ठरतं.

पण खरं सांगू का, इमारतीवर भांडायची हौस आहे म्हणून आपण इमारतीवर भांडतोय.

मागच्या मे महिन्यात मी गावी गेले होते तेव्हा शाळेत गेले. सरांना म्हटलं पुस्तकं बघू. त्यांनी ऑफिसच्या ड्रॉवरमधून चावी काढली, सुतळीला बांधलेली, लोखंडी कपाट उघडलं. डांबर गोळ्यांचा वास. वरच्या फळीवर मराठी विश्वकोशाचे खंड, आपल्याच जिल्ह्यात वाईला तयार झालेले, पाठीवर बोट फिरवलं तर धूळ नाही, सर नीट पुसतात, पण एकाही खंडाचं पान दुमडलेलं नाही. खाली गोष्टीची पुस्तकं, काही तर अजून प्लॅस्टिकमध्ये. मी म्हटलं सर, पोरांना देत नाही का? तर ते शांतपणे म्हणाले, "ताई, चार्ज घेतला तेव्हा २१२ होती. देताना २१२ च पाहिजेत. कमी पडली तर भरून कोण देणार?"

मग त्यांनी जुनं रजिस्टर दाखवलं, आणि त्यात माझंच नाव निघालं. चौथीत असताना नेलेलं पुस्तक, पुढं लाल पेनानं 'परत नाही', आणि त्याच्यापुढं तेव्हाच्या गुरुजींची सही, १२ रुपये भरले. पगारातून भरले असणार. मला आठवतही नव्हतं. पुस्तक माहेरच्या माळ्यावर सापडलं, उंदरानं एक कोपरा खाल्लेला.

तेव्हा सरांना कंजूष म्हणू नका. शिक्षण हक्क कायद्यात २००९ पासून लिहिलंय की प्रत्येक शाळेत लायब्ररी पाहिजे, गोष्टीची पुस्तकं, मासिकं, वर्तमानपत्र सगळं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून पुस्तकांना वर्षाला ५ ते २० हजारांपर्यंत अनुदानाची सोय आहे, शाळा कितवीपर्यंत त्यावर. पुस्तकं येतात. माणूस येत नाही. प्राथमिक शाळेला ग्रंथपाल नसतोच, एका शिक्षकाच्या गळ्यात चार्ज पडतो, आणि तोच शिक्षक निवडणुकीचं काम, पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाईन माहिती भरणं सगळं करून मग उरलेल्या वेळात शिकवतो. अशा माणसानं कपाटाला कुलूप लावलं तर मी त्याला दोष देणार नाही.

उपाय काही फिनलंडहून आणायला नको. शाळा व्यवस्थापन समितीनं दरवर्षी बैठकीत ठराव करायचा, फाटलेली-हरवलेली एवढी पुस्तकं, त्यांचं नियमाप्रमाणे निर्लेखन, म्हणजे रजिस्टरमधून ती कमी करायची, आणि तेवढी नवी आम्ही ग्रुपवाले भरून देऊ. दोनशेतली वीस गेली तर गेली, म्हणजे वीस घरांत पुस्तक आहे! सरांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं की कपाट आपोआप उघडेल.

दुसरं भांडण अभ्यासिकेचं. गावातली पंचवीसेक पोरं-पोरी पोलीस भरती आणि एमपीएससीची तयारी करतात, त्यांना शांत जागा हवीय. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, सातारला महिन्याचे पैसे भरून अभ्यासिकेत बसणं मुलांना जमतं, मुलींना घरून सोडत नाहीत. पण मग पहिलीतल्या पोरांनी काय 'शूऽऽ' ऐकत बसायचं? ऊदीत वरच्या मजल्यावर पोरं गडाबडा लोळत असतात आणि शेजारी माणसं वाचत असतात, पण तिथं जागा आहे हो, आपल्याकडं एक खोली. एका खोलीचं एकच उत्तर, वेळ वाटून घ्या. पहाटे पाच ते नऊ अभ्यासिका, दिवसा शाळा, संध्याकाळी गाव, रात्री परत अभ्यासिका. पिठाची गिरणी, पाण्याची पाळी, सगळं आपण असंच वाटून घेतो की.

आणि "समाजाची लायब्ररी आपल्याकडं चालत नाही" म्हणणाऱ्यांना दोन नावं. भिलार, आपल्याच जिल्ह्यातलं, ४ मे २०१७ ला पुस्तकांचं गाव झालं, सुरुवातीलाच २५ ठिकाणी पुस्तकं, बरीचशी लोकांच्या घरातच. आम्ही गेलो होतो तेव्हा माझा मुलगा एका घराच्या ओसरीत तासभर बसला आणि घरातल्या काकूंनी न विचारता चहा आणून दिला, त्याला वाटलं लायब्ररीत चहा फ्री असतो. तिथं पर्यटक जास्त येतात अशी टीका होते, असेल, पण पुस्तकं घरच्या माणसांच्या नजरेखाली आहेत. दुसरं सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव. तिथं संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, २०२२ पासून. मला सगळ्या गावानं एका भोंग्यावर वागणं थोडं जडच जातं, मी नसते ऐकले कदाचित. पण तो दीड तास पोरांनी जायचं कुठं याचं उत्तर म्हणजे आपली ती खोली. कर्मवीरांनी १९१९ साली कराडजवळ काल्याला रयत सुरू केली ती काय थ्रीडी डिझाईन बघून?

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा आमचा दादा, चुलतभाऊ, त्यानं लगेच व्हॉइस मेसेज टाकला, "तू वर्षातनं पंधरा दिवस येतेस आन् आम्हाला लायब्ररी शिकवतेस व्हय? तिथं पोरं लई वाचत्यात का?" राग आला, पण प्रश्न बरोबर होता. नाही वाचत. पिसा म्हणून पंधरा वर्षांच्या पोरांची देशोदेशी एक परीक्षा होते, तीत वाचनात फिनलंडला २०१८ मध्ये ५२० गुण होते, २०२२ मध्ये ४९०. एवढ्या लायब्ऱ्या असून. माझा मुलगासुद्धा लायब्ररीत जातो तो अर्धा वेळ तिथल्या बीन बॅगवर मोबाईल बघायलाच. नुसतं दार उघडं ठेवल्यानं सगळे वाचायला लागतात असं नाही. पण दार बंद असेल तर ज्याला वाचायचंय तोही परत जातो, आणि आपल्याकडं आज ते बंद आहे.

आणि परदेशवाल्यांचा अनुभव मला विचाराल तर माझी स्वतःची चूक सांगते. चार वर्षांपूर्वी मी आणि दोघातिघांनी मिळून शाळेला आठ टॅब दिले, फोटो काढले, पेपरात बातमी आली. आज ते टॅब त्याच कपाटात, विश्वकोशाच्या खाली, बॅटऱ्या फुगलेल्या. त्या पैशात बचत गटातल्या एका ताईला किती संध्याकाळी खोली उघडून बसायचं मानधन देता आलं असतं याचा हिशोब मी केलाय, सांगत नाही, लाज वाटते. म्हणून या वेळी माझी वर्गणी दगडाला नाही आणि पाटीवरच्या नावालाही नाही. बचत गटातल्या दोघींना संध्याकाळी सहा ते नऊ, आळीपाळीनं, पाच वर्षांसाठी. चावी त्यांच्याकडं. आणि एक नवीन दार, गल्लीच्या बाजूनं, म्हणजे शाळेचं गेट बंद असलं तरी खोलीत जाता येईल.

मुंबईकर मंडळाला हे पसंत नाही, कारण मानधनाचं उद्घाटन करता येत नाही. पुण्याच्या मित्रानं डिझाईन मागं घेतलेलं नाही, फक्त एसी काढलाय. ग्रामसभेत काय होईल बघू.

काल रात्री दादाचा परत मेसेज, या वेळी चिडलेला नव्हता. तो आपला आपण गवंड्याला घेऊन भिंत बघून आला होता. दगड काढून चौकट बसेल म्हणतो, वर दगडी तुळई टाकावी लागेल, पण गल्लीत आल्याचे ट्रॅक्टर उभे असतात, तर दार आत उघडायचं का बाहेर, तेवढं वहिनीला विचारून सांगतो, कारण संध्याकाळी तिथं बसणारी तीच आहे.