नव्वद दिवसांनंतर काय उरतं?

कुठल्या मालिकेने इतिहास वाकवला, कुठल्या निवेदकाने काल रात्री काय आग लावली, यावर आपल्याकडे रोज कडाक्याचं भांडण चालतं. फ्रान्समध्ये राहून हे वाद ऐकताना एक गोष्ट सतत खटकते. जे दाखवलं गेलं ते वीस वर्षांनी कुणाला पाहता येईल का, हे कुणीच विचारत नाही. मला तोच प्रश्न सगळ्यात मोठा वाटतो.

भारतात छापलेल्या पुस्तकाची प्रत १९५४ च्या कायद्यानुसार ठरावीक ग्रंथालयांना द्यावी लागते. १९५६ पासून वर्तमानपत्रांचीही. प्रक्षेपण या कायद्यात येत नाही. खासगी वाहिनीने काय दाखवलं याची नोंद ९० दिवस ठेवायची, एवढाच नियम. आणि तीही सरकारी यंत्रणेने मागितली तर दाखवण्यासाठी. आता याच्या शेजारी २०२१ चे तक्रारीचे नियम ठेवा. वाहिनीला उत्तरासाठी १५ दिवस, ते पटलं नाही तर अपिलासाठी १५ दिवस, वाहिन्यांच्याच स्वनियमन मंडळाला निकालासाठी ६० दिवस. बेरीज नव्वद! प्रत्येकाने पूर्ण मुदत वापरली, तर प्रकरण सरकारी समितीपुढे जाईपर्यंत मूळ चित्रण ठेवण्याचं बंधन संपलेलं असतं. प्रेक्षकाच्या हाती उरते मोबाइलवर फिरणारी चाळीस सेकंदांची कापलेली चित्रफीत. वाद मग त्या तुकड्यावर होतो, आणि लोकांच्या लक्षात तोच तुकडा राहतो.

इथे फ्रान्समध्ये २० जून १९९२ च्या कायद्याने पुस्तकांसारखंच रेडिओ आणि टीव्हीचं प्रक्षेपणही राष्ट्रीय संग्रहात जमा करणं बंधनकारक केलं. ‘इना’ ही संस्था शंभराहून अधिक वाहिन्यांचं प्रक्षेपण टिपते, आणि संशोधकांना ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून पाहता येतं. जाहिराती, मधले खंड, चुकून गेलेली पाटी, सगळं जसंच्या तसं. पुढे अभ्यास करणाऱ्याला नेमकं हेच लागतं, कारण बातमीच्या आधी आणि नंतर काय लागलं होतं यावरून तिचा अर्थ बदलतो.

म्हणून इथलं सगळं आदर्श आहे असं मुळीच नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन अंमलाखाली असलेल्या क्लेर्मों-फेराँ या फ्रेंच शहरावरचा चार तासांचा माहितीपट १९६९ मध्ये तयार झाला, आणि फ्रेंच टीव्हीने तो १९८१ पर्यंत दाखवला नाही. सगळा देश प्रतिकारात उतरला होता या आठवणीला तो धक्का देत होता. जर्मनांशी लढत राहा, असं फ्रेंच जनरल द गॉल यांनी १८ जून १९४० ला लंडनहून रेडिओवर केलेलं आवाहन तर या देशाच्या स्मृतीचा पाया आहे, पण बीबीसीने ते ध्वनिमुद्रितच केलं नव्हतं. त्या दिवसाचा म्हणून जो आवाज वर्षानुवर्षं ऐकवला गेला, तो २२ जूनच्या भाषणाचा आहे. दोन्ही मजकूर जपलेले आहेत म्हणूनच ही गफलत दाखवून देता येते.

‘एवढं साठवायचं कुठे?’ हा आक्षेप आता टिकत नाही. ४ मेगाबिट प्रतिसेकंद या वेगाने एका वाहिनीचा दिवस सुमारे ४३ गिगाबाइटचा, वर्ष १६ टेराबाइटच्या आत. एलटीओ-९ म्हणजे साठवणीच्या चुंबकीय फितीची नववी पिढी; तिच्या एका काडतुसात (फितीच्या बंद डबीत) १८ टेराबाइट मावतात, म्हणजे एका वाहिनीचं अख्खं वर्ष हातात मावेल एवढ्या डबीत. अशा दोन प्रती दोन शहरांत ठेवायच्या. खर्च खरा पुढे येतो: नववी पिढी वाचणारं यंत्र सातवीची काडतुसं वाचत नाही, त्यामुळे दर काही वर्षांनी सगळं नव्यावर उतरवावं लागतं. ही तरतूद अंदाजपत्रकात नसेल तर साठा असूनही वाचता येणार नाही.

जुन्या फितींची निकड याहून मोठी आहे. फीत महाग होती तेव्हा बीबीसीसकट अनेक केंद्रांनी तीच पुसून पुन्हा वापरली. जी उरली तिला दमट हवा खाते. चुंबकीय थर धरून ठेवणारं द्रव्य ओल शोषतं, फीत चिकट होते, लावली की किंचाळते आणि यंत्राच्या फीत वाचणाऱ्या हेडवर तपकिरी राड सोडते. अशी फीत वाजवत राहणं म्हणजे ती खरवडून टाकणं. ध्वनिफीत असेल तर आधी स्पूल उजेडासमोर धरायचं. कडेने उजेड आरपार आला तर ती बहुधा ॲसिटेटची. तिला उष्णता द्यायची नाही, आणि व्हिनेगरचा वास आला तर ती इतरांपासून लगेच वेगळी ठेवायची. उजेड अडला तर बहुधा पॉलिएस्टर; ती चिकट झाली असेल तर सुमारे ५० अंशांवर नियंत्रित पेटीत काही तास ठेवली की थोड्या दिवसांपुरती वाजते. तेवढ्यात तिचा आवाज ९६ किलोहर्ट्‌झ, २४ बिट या दर्जाने संगणकावर उतरवून घ्यायचा. स्टिरिओ आवाजाला तासाला सुमारे २ गिगाबाइट लागतात.

या सगळ्याच्या आधी डब्यावरच्या चिठ्ठीचा फोटो. तारीख, वक्ता, निर्माता आणि कसली तरी दोन-तीन अक्षरी खूण, एवढंच त्यावर असतं. त्या खुणा लावणारे आकाशवाणी-दूरदर्शनचे तंत्रज्ञ निवृत्त झालेत, होत आहेत. कुठल्या खुणेचा अर्थ काय, हे त्यांच्याकडून आत्ताच लिहून घ्यायला हवं.