सीमा अजूनही माणसालाच तपासावी लागते

सीटी स्कॅनवरून अवयवाचे त्रिमितीय प्रारूप आता संगणक आपोआप तयार करतो, असे नुकत्याच वाचलेल्या एका लेखात म्हटले आहे. वाशीत हेच काम करणारी तंत्रज्ञ म्हणून त्यात थोडी भर घालणे मला आवश्यक वाटते. त्यासाठी स्कॅनच्या चित्रात प्रत्येक भागाची सीमा आखावी लागते. चित्रातून हाड वेगळे काढणे त्यातल्या त्यात सोपे आहे, कारण हाउन्सफील्ड मापनात (सीटीत ऊतकांची घनता दाखवणाऱ्या आकड्यांत) पाणी 0 आणि हवा उणे 1000 असताना टणक हाडाचे मूल्य कित्येक शेकड्यांवर जाते. परंतु कवटीच्या तळाशी, जेथे कॉन्ट्रास्टने (रक्तवाहिन्या स्कॅनमध्ये ठळक दिसाव्यात म्हणून टोचलेल्या द्रव्याने) भरलेली कॅरोटिड धमनी, म्हणजे मेंदूला रक्त पुरवणारी मानेतील मोठी रक्तवाहिनी, हाडाला अगदी लागून जाते, तेथे दोहोंची मूल्ये एकमेकांत मिसळतात. अशा वेळी जाणकाराने धमनीवर आणि हाडावर माऊसने खुणा करायच्या, संगणकाने त्यांवरून सीमा सुचवायची आणि चुकेल तेथे पुन्हा खूण करून ती सुधारायची, हीच पद्धत मला विश्वासाची वाटते.

लॉरेन्सन आणि क्लाइन यांनी 1987 मध्ये मांडलेली ‘मार्चिंग क्यूब्ज’ पद्धत त्या सीमेवरून त्रिकोणांचे जाळे विणून प्रारूपाचा पृष्ठभाग तयार करते. सीमाच चुकलेली असेल, तर चूकही तितकीच रेखीव दिसते. पृष्ठभाग प्रमाणाबाहेर गुळगुळीत केला, तर बारीक रक्तवाहिनी आहे त्याहून अरुंद भासते, आणि हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे.

ठाणे-नवी मुंबईत स्कॅन एका केंद्रात आणि उपचार दुसरीकडे, असे पुष्कळदा घडते. त्यामुळे रुग्णांनी फिल्मवर समाधान न मानता, सुमारे 1 मिलीमीटर जाडीचे पातळ काप (स्कॅनमधील छेदांची चित्रे) डायकॉम या वैद्यकीय चित्रांच्या प्रमाणित संगणकीय स्वरूपात आवर्जून मागून घ्यावेत. 5 मिलीमीटरच्या कापांतून बारीक तपशील परत मिळवता येत नाही.