"दोन रुपयांत घेतला होता" एवढं सांगून भागत नाही

जुने कॉमिक्स जमवणारे चार जण मुंबईत कुठेही भेटले, की दहा मिनिटांत गाडी भावावर येते. "किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर दोन रुपयांत उचललेला." "माझा तर दीड रुपयाला." "दहा इंद्रजालचा गठ्ठा, पंधरा रुपये." ऐकायला छान वाटतं. पण तासभर बोलून झाल्यावर त्या अंकांबद्दल काय कळलं? कितवा अंक, कुठल्या भाषेतला, मागचं कव्हर होतं की नव्हतं, मधली पानं शाबूत होती का, यातलं काही कळत नाही. हातात राहतो नुसता आकडा, आणि नुसत्या आकड्याचा कुणालाही उपयोग नाही.

हे मी तळमळीने लिहितोय, कारण आपल्याकडे या आठवणींशिवाय दुसरी नोंदच नाही. अमेरिकेत जून १९३८ चा ॲक्शन कॉमिक्सचा पहिला अंक १० सेंटला होता आणि एप्रिल २०२४ मध्ये त्याची एक प्रत ६० लाख डॉलरला गेली, हे आज कुणीही सांगू शकतं. तिथे १९७० पासून भावांचं छापील मार्गदर्शक निघतं, २००० पासून अंक तपासून त्याला दर्जाचा आकडा देणारी कंपनी आहे. कुठला अंक, कुठल्या अवस्थेत, कुठल्या वर्षी, किती पैशांना, हे सगळं एका ओळीत मिळतं. इंद्रजाल आणि अमर चित्र कथा या कॉमिक्सच्या मालिका किंवा चांदोबा हे मुलांचं मासिक, यांच्यासाठी आपल्याकडे असं काही नाही. म्हणून ज्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकात खरेदी केली त्यांच्या डोक्यात जे आहे तेच आपलं दफ्तर. ते अर्धवट सांगितलं तर तेवढं कायमचं गेलं.

आधी त्या स्वस्ताईचा हिशोब करू. १९८५ साली दिलेले ५ रुपये ८ टक्के चक्रवाढीने ठेवले असते, तर ४० वर्षांत त्यांचे साधारण १०८ रुपये झाले असते. म्हणजे तोच अंक आज २०० रुपयांना गेला तर "चाळीसपट झाला" म्हणणं खरं नाही, तो दुपटीलाही पोचला नाही. त्यातून पिशव्या, पुठ्ठे, खोका आणि चाळीस वर्षं अडवलेली कपाटातली जागा वजा करा. दोन खोल्यांच्या घरात ही जागा फुकट नसते.

आणि तो अंक स्वस्त का मिळाला? कारण तो वजनावर आलेला होता. ३२ पानांचा पातळ कागदाचा अंक कव्हरसकट ४५ ते ५० ग्रॅम भरतो, म्हणजे किलोला वीसेक अंक. रद्दीवाल्याने किलोच्या भावाने घेतलेली वस्तू फूटपाथवाल्याला दिली, त्याने ती नगावर विकली. मुलगा दहावीत गेला की पोटमाळ्यावरचा गठ्ठा खाली यायचा, हे त्या काळातल्या घरोघरचं. आज तो अंक दुर्मिळ आहे त्याचंही कारण हेच. फूटपाथपर्यंत पोचलेल्या एका अंकामागे किती लगद्यात गेले, त्याची गणती नाही. शिवाय २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या घरांतला कागद राहिला नाही. फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवरचे पुस्तकवालेही त्याच वर्षीच्या महापालिकेच्या कारवाईनंतर विरळ झाले. म्हणून "कुठे आणि कधी घेतला" हे भावाच्या आधी सांगायला हवं. २००४ चा फाउंटनचा भाव आणि २०१० चा भाव हे दोन वेगळ्या बाजारांचे भाव आहेत.

आता अंक ओळखायचा कसा, हे जरा सविस्तर.

इंद्रजाल मार्च १९६४ मध्ये मुंबईतून सुरू झालं. पहिल्या अंकाची किंमत ६० पैसे. पहिले ३२ अंक निव्वळ वेताळाचे (म्हणजे फँटमचे), पुढे मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन वगैरे मंडळी आली. आधी मासिक, मग पाक्षिक, १९८१ पासून साप्ताहिक. सलग क्रमांक ४४३ पर्यंत चालले. त्यानंतर वर्ष २०, अंक १ अशी पद्धत आली आणि १९९० मध्ये मालिका बंद पडेपर्यंत तीच राहिली. सगळे मिळून ८०३ अंक. त्यामुळे कुणी नुसतं "१२ नंबरचा अंक" म्हणालं तर लगेच विचारा, सलग क्रमांकातला १२ की वर्ष २४ चा १२? दोन्हींत वीस वर्षांहून जास्त अंतर आहे. सुरुवातीच्या १० अंकांच्या मागच्या कव्हरवर वेताळाचं मोठं चित्र असायचं. असं चित्र मुलं भिंतीला लावणारच, म्हणून या दहांपैकी एखादा अंक समोर आला की पुढचं कव्हर बघायच्या आधी तो उलटा करा.

एक बाजूला सांगतो. सगळे वेताळाच्या मागे लागतात आणि बहादूरला हात लावत नाहीत. आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये उभा केलेला हा आपल्या मातीतला नायक. सुरुवातीच्या इंद्रजालची मुखपृष्ठं रंगवणाऱ्या गोविंद ब्राह्मणिया यांनीच तो चितारला. ते सुरुवातीचे अंक अजून ढिगात सापडतात, आणि तेही चांगल्या अवस्थेत. माझ्या मते जमवायला सुरुवात करणाऱ्याने तिथूनच करावी.

अमर चित्र कथेचं प्रकरण अवघड आहे, कारण तेच अंक वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा छापले गेले. मालिका १९६७ ची. पहिले दहा क्रमांक परदेशी परीकथांना गेले आणि 'कृष्ण' आला तो ११ व्या क्रमांकावर. पुढच्या जाड कागदाच्या आवृत्तीत तोच कृष्ण ५०१ झाला. म्हणून कव्हरवर ११ दिसला की पहिली आवृत्ती हातात आली असं समजू नका. आतल्या किंवा मागच्या कव्हरवर प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांची यादी असेल तर ती शेवटपर्यंत वाचा. २० क्रमांकाच्या पुस्तकात १५० पर्यंतची नावं असतील तर ते पुनर्मुद्रण, यात वाद नाही. यादीचं पान फाटलेलं असेल तर पत्ता बघा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. पत्त्यात "मुंबई २६" असा आकडा असेल तर छपाई बहुधा त्याच्या आधीची किंवा लगेच नंतरची, "४०० ०२६" असेल तर नक्की नंतरची. इंग्रजी अंकात बॉम्बेच्या जागी मुंबई दिसलं तर १९९५ किंवा त्यानंतरची.

चांदोबाला हीच युक्ती किमतीवरून लागू पडते. मराठी चांदोबा एप्रिल १९५२ चा. किंमत फक्त आण्यांत असेल तर अंक साधारण १९५७ च्या आधीचा, कारण दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. "नये पैसे" छापलेलं असेल तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचा. कव्हर गेलेल्या अंकाचं वर्ष काढायला हे फार कामाला येतं.

अवस्थेबद्दल बोलताना "कंडिशन चांगली आहे" हे वाक्य बंद करा. अंक उघडा आणि मोजा. पानं मोजा, मधली चार पानं पिनांतून सुटली आहेत का बघा. कुपन कापलेलं आहे का, शब्दकोडं पेनाने भरलेलं आहे का, वाचनालयाचा शिक्का कुठे आहे? शिक्का कोऱ्या जागेवर असेल तर फार बिघडत नाही, चित्रावर असेल तर बिघडतं. मुंबईतल्या भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांत पाच-सहा अंक एकत्र शिवून वर पुठ्ठा घालायची पद्धत होती. बाईंडर ते तीन बाजूंनी मशीनवर कापतो, त्यात प्रत्येक बाजूचे दोन-चार मिलिमीटर जातात. असा अंक नंतर सुटा करून विकला तर पहिल्या नजरेत कळत नाही. कण्याजवळ एका ओळीत टाक्यांची भोकं शोधा, आणि त्याच मालिकेच्या दुसऱ्या अंकावर ठेवून उंची जुळवा. वरच्या पट्टीतली अक्षरं कडेला चिकटलेली दिसली की कापलेला अंक ओळखावा.

रंगीत झेरॉक्सची कव्हरं लावलेले अंकही फिरतात. त्यासाठी शंभर-दोनशे रुपयांची दहापट मोठं दाखवणारी भिंग पुरते. वेताळाच्या जांभळ्या पोशाखावर भिंग धरा. ऑफसेटच्या छपाईत वेगवेगळ्या रंगांचे ठिपके आपापल्या कोनात, नीट ओळीत बसलेले दिसतात आणि काळं अक्षर काठाला सलग असतं. घरच्या प्रिंटरवर काढलेल्या कव्हरात ठिपके विस्कटलेले असतात, काळ्या अक्षराच्या काठालाही रंगाचे कण सांडलेले दिसतात. लेझरची प्रत तिरप्या उजेडात धरली तर शाई कागदाच्या वर बसल्यासारखी चकाकते. अंधारात नोटा तपासायचा जांभळा दिवा मारला तर आजचा पांढरा कागद निळसर उजळतो. साठ-सत्तरच्या दशकातला वर्तमानपत्री कागद सहसा मिणमिणताच राहतो.

मुंबईत कागदाचा खरा वैरी दमट हवा. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते. स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं, ते उजेड आणि हवेने पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि कडा बिस्किटासारख्या तुटायला लागतात. ते थांबवता येत नाही, फक्त मंद करता येतं. त्याहून आधी गंजतात त्या पिना. पिनेभोवती आधी चहाच्या डागासारखं वर्तुळ दिसतं, मग तिथला कागद ठिसूळ होतो, आणि एक दिवस कव्हर पिनेपासून अलगद सुटून हातात येतं. गंज दिसला की पिना काढाच. पिना काढायचं यंत्र अजिबात वापरू नका, ते कागद ओरबाडतं. अंक मधल्या पानावर उघडून सपाट ठेवा, पातळ बोथट सुरीने पिनेचे दोन्ही पाय हळूहळू सरळ उभे करा, मग अंक उलटा करून कण्याच्या बाजूने पीन वर उचला. जोर लावायचा नाही, गंजाने चिकटली असेल तर आधी बाजूने किंचित हलवून सोडवा. त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून आतल्या बाजूला सैलसर गाठ मारा. नवी भोकं पाडू नका.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. दहा-पंधरा वर्षांत प्लास्टिक गळून पडतं आणि गोंद तपकिरी होऊन कागदात मुरतो, तो डाग मग निघत नाही. जपानी टिश्यूची पातळ पट्टी आणि मैद्याची नव्हे, निव्वळ गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ, एवढं पुरतं. ही खळ पाण्याने पुन्हा सोडवता येते. तीत मोरचूद घालू नका. पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा पॉलिएस्टरच्या घ्या. बाजारात मिळणारी मऊ, वास येणारी पीव्हीसीची फाइल कालांतराने चिकट होते आणि कव्हरची शाई उचलते. मागे आम्लविरहित पुठ्ठा घाला. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा स्वतःच आम्ल सोडतो. अंक उभे ठेवा, फार दाबून नाही. कपाट बाहेरच्या भिंतीला लावू नका, पावसाळ्यात ती भिंत ओल धरते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर महिन्याला रंग बघा, बदलला असेल तर ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवून परत ठेवा. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांचा वास कागद सोडत नाही. उन्हात वाळवणंही नको, लाल आणि पिवळा रंग आधी उडतो. कसर लागलेला गठ्ठा आला तर हवा काढून बंद केलेल्या पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर थंड कागदावर दव धरतं.

भावाबद्दल अजून एक सांगायचं आहे, आणि इथे मी ठाम आहे. रद्दीवाल्याकडून नगावर घासाघीस करून स्वस्तात घेतलं, तर त्यात काही वावगं नाही. त्याने त्याचा नफा धरलेला असतो. पण घर रिकामं करणाऱ्या एखाद्या आजींकडे जाऊन, गठ्ठ्यात काय आहे हे पुरतं माहीत असताना, वजनाच्या भावाने तो उचलणं ही फसवणूक आहे. तिचा किस्सा करून सांगू नये, तिला टाळ्या तर मुळीच देऊ नयेत. गठ्ठ्यातले चार अंक मोलाचे असतील तर तसं तोंडावर सांगा, त्यांचे वेगळे पैसे द्या, बाकीचे वजनावर घ्या.

ज्यांच्याकडे जुने अंक आहेत त्यांनी आठवेल तेवढं आत्ताच लिहून काढावं. वही चालेल, एक्सेलही चालेल. एका अंकाला एक ओळ पुरते. नमुना म्हणून :

इंद्रजाल, मराठी, सलग क्रमांक २१०. पानं पूर्ण, मागचं कव्हर आहे, खालचा उजवा कोपरा दुमडलेला, वरची पीन गंजलेली, पान ३ वर वाचनालयाचा शिक्का, कडा कापलेल्या नाहीत. किंग्ज सर्कल, फूटपाथ, १९९१ चा पावसाळा, सहा अंकांच्या गठ्ठ्यात, गठ्ठा १८ रुपये.