मास्तर, तुम्ही म्हणालात त्या खेळण्यांबद्दल

मास्तर, नमस्कार.

वर्गात फोन वापरण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत ते दोनदा वाचलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गोव्यात पेडण्याला अडतीस वर्षं खडू-फळ्यावर शिकवलं, पाढे घोटून घेतले, पोरं घडली. आताचे शिक्षक खेळणी आणतात, फोटो काढतात, स्टेटसला टाकतात. आणि शेवटी, "निकाल किती वाढला ते आधी सांगा."

फोटोंचं कबूल. आमच्या प्रोजेक्टरच्या भिंगावर गेल्या पावसात बुरशी चढली. दुरुस्तीचं पत्र गेलं, उत्तर आलं नाही. आता त्यावर टेबलक्लॉथ आहे आणि टेबलक्लॉथवर शिक्षकदिनाची फुलदाणी. उद्घाटनाचा फोटो मात्र ऑफिसात फ्रेम करून लावलाय.

पाढ्यांचंही कबूल. सात आठे बोटांवर मोजणारं पोर विज्ञानाच्या उदाहरणात मध्येच हरवतं, हे मी रोज बघतो.

आणि २०२० सालच्या ऑनलाइन वर्गांचं तर बोलायलाच नको. सत्तरी तालुक्यातली पोरं रेंजसाठी डोंगर चढत होती आणि मी दुसऱ्या टोकाला बसून पुस्तकातलं पान वाचून दाखवत होतो. एक मुलगा काजूखाली छत्री धरून बसायचा आणि दर पाच मिनिटांनी "येस सर" म्हणायचा. त्याला काय कळत होतं, हे मला वर्षभर कळलं नाही. त्याला तंत्रज्ञान म्हणायचं असेल तर आपलं भांडणच नाही.

पण खेळणी म्हणालात ती माझी कागदी कार्डं, तिथे मात्र मी अडलो. प्लिकर्स म्हणतात त्यांना. चौकोनी काळी-पांढरी नक्षी, प्रत्येक मुलाची वेगळी, चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. मुलाला जे उत्तर वाटतं ती बाजू वर करून कार्ड धरायचं. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि कोणाचं काय उत्तर ते माझ्या पडद्यावर येतं. नक्षी प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून काही उपयोग नाही. फोन एकट्या माझ्याकडे. पोरांच्या हातात छापलेला कागद, झेरॉक्सच्या खर्चाचा.

आठवीला विचारलं: उन्हाळ्यात उकडतं ते का? चौतीसपैकी तेवीस कार्डं एकाच बाजूला: पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून. आदल्या आठवड्यात मी हा धडा फळ्यावर आकृती काढून, घसा फोडून शिकवला होता. "समजलं?" विचारल्यावर चौतीस माना हलल्या होत्या. मास्तर, त्या माना तुमच्याही वर्गात हलायच्या हो.

बरोबर उत्तर मी सांगितलं नाही. म्हटलं, शेजाऱ्याशी बोला, त्याला पटवा. वर्गाचा बाजार झाला. त्या बाजारात सतरा नंबरचं कार्ड असलेली मुलगी, जिचा आवाज मी जूनपासून हजेरीपलीकडे ऐकला नव्हता, शेजारणीला सांगत होती, "मेलबर्नाक डिसेंबरांत गीम आसता. पृथ्वी लागीं आसा जाल्यार आमकांय तेन्नाच गीम जावंक जाय न्ही?" (गीम म्हणजे उन्हाळा, लागीं म्हणजे जवळ.) घरी आजोबांबरोबर बॉक्सिंग डेची, म्हणजे २६ डिसेंबरला मेलबर्नला सुरू होणारी क्रिकेट कसोटी बघते म्हणे. तिथे लोक टोप्या घालून उन्हात आणि इथे आजोबा कानाला मफलर गुंडाळून. मग मी सांगितलं की पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि सगळ्यात लांब जुलैत, १५.२ कोटींवर. खरी भानगड पृथ्वीच्या आसाच्या साडेतेवीस अंशांच्या कलण्याची. पण निम्मं काम तोवर मेलबर्नने केलं होतं.

आधी प्रश्न, मग शेजाऱ्याशी वाद, ही युक्ती माझी नाही. हार्वर्डला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मझूर यांनी १९९१ च्या सुमारास हे सुरू केलं, कारण त्यांची मुलं अवघड उदाहरणं सोडवायची आणि साध्या 'का'पाशी अडायची. आपल्याकडे त्यात आणखी एक गाठ आहे, ती तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक. चौथीपर्यंत मराठीत शिकलेलं पोर पाचवीत बहुधा इंग्रजी माध्यमात येऊन पडतं. त्याला उत्तर येत असतं, वाक्य येत नसतं. हात वर कर म्हटलं की तेच तीन हात वर. कार्डाला वाक्य लागत नाही. आणि नंतरचा वाद कोकणीत झाला तर माझी हरकत नाही.

कोडिंगच्या तासालाही तुम्ही टोला हाणलात. गोवा सरकारच्या केअर्स या कोडिंग-रोबोटिक्स शिक्षणाच्या योजनेखाली हा विषय शाळांत आला. पहिले दोन महिने मांजर पडद्यावर उजवीकडून डावीकडे चालत होतं, तोवर तुमचं बरोबर. मग सातवीतल्या एका मुलाने स्क्रॅच या मुलांच्या कोडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्या खाजनातली (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातली) मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, करायला घेतली. बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा वर गेलं की दार बंद, खाली गेलं की उघड. पण दोन्ही पाणी सारखं झालं की दार पडद्यावर वेड्यासारखं फडफडायला लागायचं. रविवारी तो बांधावर जाऊन बसला. सोमवारी येऊन सांगतो, "सर, दार खरं म्हणजे काही ठरवत नाही. पाणीच ते ढकलतं." पाण्याचा दाब मी त्यानंतर शिकवला. दहा मिनिटं पुरली. आता यात श्रेय संगणकाचं किती आणि बांधाचं किती, यावर तुम्ही वाद घाला. मी बांधाला झुकतं माप देईन.

राहिला निकाल. मार्क किती वाढले ते मी सांगणार नाही, कारण एका वर्गाच्या, एका वर्षाच्या मार्कांवरून काही सिद्ध होत नाही. उन्हाळ्याचा तोच प्रश्न मी चतुर्थीच्या सुट्टीनंतर न सांगता परत विचारला. पाच कार्डं अजून 'जवळ'वरच होती: चार, नऊ, बावीस, सव्वीस आणि एकतीस. त्यांना मधल्या सुट्टीत बोलावून टॉर्च आणि नारळ घेऊन बसलो. चौघांचं जमलं. बावीस नंबरचं अजून चालू आहे.

संच चाळीस कार्डांचा असतो. पस्तीसच्या पुढची माझ्या कपाटात पडून आहेत. पेडण्याहून कधी इकडे आलात तर आठवीचा विज्ञानाचा तास शुक्रवारी तिसरा असतो. एक कार्ड तुमच्यासाठी काढून ठेवतो. प्रश्न मात्र आधी सांगणार नाही.