बोटीबद्दल: डेव्हलपरचं उत्तर

नमस्कार. गेम घेतल्याबद्दल आणि वेळ काढून लिहिल्याबद्दल आभार. तुमची निराशा झाली, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत.

स्टीमवरच्या (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) रिव्ह्यूमध्ये तुम्ही लिहिलंय, "वर्षभर बोटीचा व्हिडिओ दाखवून विशलिस्ट गोळा केल्या आणि गेममध्ये बोटच नाही. सरळ फसवणूक. वर दीड तासात खेळ खल्लास. मार्केटिंगवरचा वेळ गेमवर घातला असता तर बरं झालं असतं."

आधी दीड तासाचं. स्टोअर पेजवरच्या वर्णनाची पहिलीच ओळ 'एका बैठकीत संपणारा, साधारण दीड तासाचा गेम' अशी आहे. आम्ही ते लपवलं तर नाहीच, उलट मिरवलं. गेम आवडला नसेल तर वाद नाही.

'फसवणूक' मात्र लागली. ती क्लिप टाकली तेव्हा गेमचं नावही ठरलं नव्हतं. खाली स्वच्छ लिहिलं होतं की काम चालू आहे, यातलं काहीही बदलू शकतं. पुढे कुणीतरी ती उचलून मोबाइलसाठी उभी कापली, त्यात आमची ओळ गेली आणि नेमकी तीच क्लिप जास्त फिरली. तुम्ही पाहिली ती बहुधा हीच.

बोट काढली कारण प्लेटेस्टमध्ये, म्हणजे गेम निघण्याआधी लोकांना खेळायला देऊन पाहताना, लोक बोटीत बसले की गोष्ट विसरून तळ्याचा कोपरान् कोपरा धुंडाळायला लागायचे. तिथे सापडण्यासारखं काहीच नव्हतं, तो प्रसंग फक्त पैलतीरी पोचण्यापुरता होता. कोपऱ्याकोपऱ्यात काही ठेवत बसलो असतो तर गेम लांबला असता आणि मधला भाग पोकळ झाला असता. शिवाय पाण्यातल्या प्रतिबिंबांमुळे साध्या लॅपटॉपवर फ्रेमरेट कोसळायचा, म्हणजे चित्र अडखळायचं, आणि प्रतिबिंबं बंद केली की तळं डांबर ओतल्यासारखं दिसायचं. ते पाणी मी स्वतः केलं होतं, त्यामुळे ते काढताना मला काय वाटलं असेल ते जाऊ द्या. बोट काढल्याचं आम्ही कारणांसकट जाहीर केलं, तेही गेम निघायच्या बऱ्याच आधी. शेवटच्या ट्रेलरमध्ये ती नाही. डेमोत नव्हती. स्टोअर पेजवरच्या एकाही स्क्रीनशॉटमध्ये नाही, कारण तिथे प्रत्यक्ष खेळातलीच दृश्यं लावायची असा स्टीमचा नियम आहे.

अर्धवट काम दाखवूच नये, हे म्हणायला ठीक आहे. पण जाहिरातीला पैसे नसलेल्यांनी करायचं काय? गेम विशलिस्टमध्ये, म्हणजे पुढे घ्यायच्या यादीत, टाकलेल्यांना तो निघाल्यावर स्टीमकडून ईमेल जातो, आमची दवंडी तेवढीच. नेक्स्ट फेस्टमध्ये, म्हणजे येऊ घातलेल्या गेमच्या डेमोंच्या स्टीमवरच्या महोत्सवात, एका गेमला एकदाच भाग घेता येतो. बाकीचे महिने क्लिपच टाकायच्या, आणि क्लिपमध्ये त्या आठवड्यात जे धड चालतंय तेच दाखवणार ना? तेव्हा पाणी धड चालत होतं. आणि या क्लिप रात्री, दिवसभराचं काम संपल्यावर कापल्या जायच्या. गेमच्या वाट्याचा वेळ त्यांना दिलेला नाही.

रिफंडबद्दल मी काही म्हणत नाही. खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मागता येतात, तो तुमचा हक्क. दीड तासाच्या गेमला हा नियम कसा बसतो ते तुम्हीच बघा. तुमच्या रिव्ह्यूवर खेळलेले तास दिसतात, 1.7. म्हणजे शेवटचा प्रसंग, अगदी श्रेयनामावलीसुद्धा पाहून झाली असणार. शेवटाबद्दल एखादी ओळ लिहिली असतीत तर बरं वाटलं असतं, वाईट का असेना.

एक सांगतो, म्हणजे एवढं लांबण का लावली ते कळेल. 10 रिव्ह्यू होईपर्यंत स्टीमवर गेमचा एकूण शेरा दिसत नाही. तुमचा सातवा आहे.

मूळ क्लिपखाली 'हा प्रसंग गेममध्ये नाही' अशी ओळ आजच टाकतो. बाकीच्या जुन्या पोस्टही सवडीने तपासू. बोटीचं काही जमलं तर पुढच्या एखाद्या अपडेटमध्ये बघू, शब्द देत नाही. रिव्ह्यू बदला असंही म्हणणार नाही. स्टीमवर तो नंतर केव्हाही दुरुस्त करता येतो, एवढंच.